निबंधाचे तीन भाग आणि हरवलेली प्रतिज्ञा

मराठीच्या वर्गात निबंधाची रचना शिकवली जाते ती तीन शब्दांत: प्रस्तावना, मध्य, समारोप. शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत ही त्रयी अबाधित आहे. तिच्याविषयी आमचा आक्षेप असा, की ती मजकुराचे स्थान सांगते, कार्य सांगत नाही. आरंभ, मध्य आणि शेवट किराणामालाच्या यादीलाही असतो. वैचारिक निबंधाला निबंधपण येते ते त्यात काही सिद्ध करायचे असते म्हणून. आणि नेमके त्यालाच आमच्या वर्गांत नाव नाही.

इंग्रजीत त्याला थिसिस म्हणतात. मराठीत या शब्दासाठी 'प्रबंध' रूढ झाला आणि प्रबंध म्हणजे पीएच.डी.साठी सादर करायचा ग्रंथ एवढाच अर्थ उरला. शेकडो पानांना नाव मिळाले. ज्या एका विधानासाठी ती लिहायची, ते अनामिक राहिले.

वस्तुतः नाव शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. न्यायशास्त्राने अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा; धूर दिसतो, हा हेतू; जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण; या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय; म्हणून तिथे अग्नी आहे, हे निगमन. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरील शपथ एवढ्यापुरताच विद्यार्थ्याला 'प्रतिज्ञा' हा शब्द ठाऊक असावा, ही खेदाची बाब आहे. निगमन आणि समारोप यांतला भेदही लक्षात घेण्याजोगा आहे. समारोपात झालेले पुन्हा सांगितले जाते. निगमनात आरंभीचे विधान आता सिद्ध होऊन परत येते.

प्रश्नपत्रिकांची भाषा हा गोंधळ पक्का करते. 'स्पष्ट करा', 'चर्चा करा', 'परीक्षण करा', 'मूल्यमापन करा' ही क्रियापदे अशी वापरली जातात, जणू ती समानार्थी आहेत. स्पष्टीकरणात मत अपेक्षित नसते, अर्थाची उकल असते. चर्चेला दोन पक्ष लागतात. परीक्षणात विधान पुराव्याशी ताडून पाहायचे असते. मूल्यमापनात आधी निकष सांगावा लागतो. चारही प्रश्नांना गाइडमधले एकच उत्तर चालत असेल, तर विद्यार्थ्याने भेद शिकावा तरी कशासाठी?

एक उदाहरण घेऊ. 'जोतीराव फुले यांच्या "गुलामगिरी"तील संवादरूपाची चर्चा करा.' नेहमीचे उत्तर 1827 या जन्मवर्षापासून सुरू होते, सत्यशोधक समाजावरून फिरते आणि 'अशा प्रकारे हा ग्रंथ श्रेष्ठ ठरतो' येथे थांबते. संवादाविषयी त्यात अक्षर नसते. याउलट एखादीने लिहिले, की 'येथे संवाद ही सजावट नसून वाचकाला प्रश्न विचारायला शिकवणारी रीत आहे', तर प्रतिज्ञा झाली. धोंडिबाचे प्रश्न कुठे आणि कशासाठी येतात हे दाखवणे, हा तिचा हेतू. मग पूर्वपक्ष: धोंडिबा बहुतेक वेळा जोतीरावांशी सहमतच होतो, तेव्हा हा खरा संवाद कसा? या प्रश्नाला ती भिडली, की तिचा निबंध उभा राहिला. ती चुकली तरी हरकत नाही. तिच्याशी वाद तरी घालता येतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, परिभाषेचे ओझे नको. परंतु 'विरोधविकास' आणि 'साधारणीकरण' पाठ करवून घेणाऱ्यांना 'प्रतिज्ञा' जड वाटावी, हे नवल आहे. दुसरा, अशा चौकटीने निबंधाचे लालित्य मरते. लघुनिबंधाचा स्वैरपणा हा त्या प्रकाराचा हक्कच आहे; फडके-खांडेकरांच्या लघुनिबंधांकडून कोणी निगमन मागत नाही. मात्र 1874 साली सुरू झालेली 'निबंधमाला' आणि 1888 साली निघालेले आगरकरांचे 'सुधारक' यांतले गद्य वादासाठी घडलेले होते. 'मी नदी बोलते' लिहून तयार झालेला हात पुढे तीच अलंकृत भाषा शोधनिबंधात वापरतो, हा लालित्याचा विजय नव्हे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे. ज्याला एका पानात एक विधान मांडता येत नाही, तो प्रकल्पात काय करणार? तो जुळवाजुळव करील आणि तिला संशोधन म्हणेल.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. प्रश्नातले क्रियापद नेमके असावे. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदातील प्रतिज्ञा विद्यार्थ्याने अधोरेखित करावी. गुणांचा ठरावीक वाटा पूर्वपक्षासाठी राखून ठेवावा. त्याने उत्तरे आखूड होतील, काही ओबडधोबडही होतील. पण ती लिहिणाऱ्याची असतील.