हेब्बाळचा प्रवासखर्च आणि येलहंक्याचे मैदान

मुलगा बारावीत असेपर्यंत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बालशिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगाने तो मुलामागे दरमहा २२५० रुपये ठरवला. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून तो २८१२ रुपये ५० पैसे झाला. रेल्वेतला ट्रॅकमन असो की टपाल खात्यातला पोस्टमन, पहिल्या दोन मुलांसाठी तो मिळतो. मुलगा बारावी पास झाला की त्याच महिन्यापासून हा भत्ता बंद. आणि आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की घरातला खर्च खरा वाढतो तो त्याच महिन्यापासून. शाळा वसाहतीच्या फाटकाजवळ होती, मूल चालत जात होते. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला असते.

फीबद्दल सगळेच बोलतात. फीमाफीच्या घोषणा होतात, त्यांच्या जाहिरातीही लागतात. प्रवासखर्चाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. तो रोज थोडा थोडा जातो, त्याची पावती कोणी जपून ठेवत नाही, आणि म्हणून तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घरांतील आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. निर्णय चांगला आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण फी माफ झालेली मुलगी कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचायची कशी? एस.टी.च्या अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे. पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा एक तृतीयांश दर लागू होतो, आणि २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे मूळ भाडेच १४.९५ टक्क्यांनी वाढले आहे.

हा प्रश्न आम्ही आज बेंगळुरूच्या हेब्बाळवरून मांडत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण दक्षिण-पश्चिम रेल्वेच्या बेंगळुरू विभागात, येलहंक्याच्या चाक कारखान्यात आणि त्या शहराच्या टपाल कचेऱ्यांत आपली मराठी माणसे बदलीने गेलेली आहेत, काही तिथेच स्थायिक झाली आहेत. शिवाय रेल्वेने आणि राज्य सरकारने दिलेल्या सवलती कागदावर कशा दिसतात आणि रस्त्यावर कशा उतरतात, हे हेब्बाळइतके स्पष्ट क्वचित कुठे दिसत असेल.

बल्लारी रस्ता आणि बाहेरचा वळणरस्ता जिथे मिळतात तिथे हेब्बाळ आहे. उत्तरेकडून, म्हणजे येलहंका, देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरकडून शहरात येणारी वाहने इथल्या उड्डाणपुलावर तुंबतात. परिसरात कृषिविज्ञान विद्यापीठ आहे, १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इतर कॉलेजेही झाली आहेत. म्हणजे विद्यार्थी इथे येतातही आणि इथून जातातही.

आता रेल्वेचे पाहा. हेब्बाळला स्थानक आहे. यशवंतपूरहून बाणसवाडीकडे जाणाऱ्या मार्गावर ते आहे. रेल्वेची सवलत तर फार उदार. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात ही मर्यादा वाढवली गेली. त्यापुढच्या मुलांना अर्ध्या दराने, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना तर पाव दराने पास मिळतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली गेली आणि ती परत आली नाही. विद्यार्थ्यांची मात्र टिकली, एवढे समाधान. पण हेब्बाळला थांबणाऱ्या गाड्याच मोजक्या, आणि त्यांच्या वेळा कॉलेजच्या तासांशी जुळवून ठेवलेल्या नाहीत. शिवाय येलहंक्याहून शहरात येणारा मार्ग वेगळा, तो हेब्बाळ स्थानकावरून जातच नाही. खिडकीवर बसलेला आपला बुकिंग क्लार्क मुलीला मोफत पास फाडून देईल, पण तिला बसवायला गाडी कुठून आणेल?

उपनगरी रेल्वेचे आश्वासन आहेच. १४८ किलोमीटरच्या चार मार्गांना ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २० जून २०२२ रोजी पायाभरणी झाली. बैयप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर या त्यातल्या मार्गावर हेब्बाळ येते. पायाभरणीच्या वर्षी अकरावीत बसलेले मूल पदवीच्या वर्गात जाऊन पोहोचले, गाडी अजून आली नाही.

मग उरते बस. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजना सुरू केली. राज्यातील रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. जुलै २०२५ पर्यंत अशा फेऱ्यांची संख्या ५०० कोटींवर गेली. या योजनेची टिंगल करणारे पुष्कळ आहेत. फुकट दिले की माणसे आळशी होतात, हा त्यांचा आवडता सिद्धान्त. आम्हाला तो मान्य नाही. धुणीभांडी करणारी बाई आणि कॉलेजात जाणारी तिची मुलगी पैशाचा विचार न करता बसमध्ये चढतात, यात आळस कुठे आला? आमची तक्रार वेगळी आहे. त्याच घरातल्या मुलाला पासाचे पैसे भरावेच लागतात, आणि जानेवारी २०२५ मध्ये बसभाडे १५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोने सर्वाधिक भाडे ६० वरून ९० रुपयांवर नेले. त्या दरवाढीत विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर ठेवावा असे कोणाला सुचले नाही.

इथे कॉलेजांची जबाबदारी येते. कॉलेजांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो. त्यातून कधी पुस्तके दिली जातात, कधी परीक्षा फी भरली जाते. प्रवासखर्चासाठी हा निधी वापरावा, निदान वर्षाच्या सुरुवातीचा पास कॉलेजने काढून द्यावा, ही मागणी कठीण नाही. कोणता विद्यार्थी किती लांबून येतो हे प्रवेश अर्जावरच लिहिलेले असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा गरीब मुलगा शाळेत यायचा तर त्याच्या राहण्याखाण्याचाही विचार संस्थेनेच करायला हवा, हे त्यांनी गृहीत धरले होते. आजची अनेक कॉलेजे उलट करतात. स्वतःची बस काढतात आणि तिची फी वेगळी आकारतात.

मात्र सगळे कॉलेजच्या मर्जीवर सोडण्यात धोका आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून गरीब घरांतल्या सोळा ते एकोणीस वयाच्या विद्यार्थ्यांना शिक्षण चालू ठेवण्यासाठी आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळत असे. नियमात बसला की मिळाला. बस आणि जेवण यांसाठीच तो मुख्यतः उपयोगी पडे. २०११ मध्ये तेथील सरकारने तो बंद केला आणि त्याऐवजी एक लहान निधी कॉलेजांच्या हाती दिला. कोणाला द्यायचे, किती द्यायचे हे बव्हंशी कॉलेज ठरवू लागले. कालपर्यंत जो हक्क होता त्यासाठी अर्ज करून वाट पाहायची वेळ आली. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक कामगाराला समजावून सांगावा लागत नाही.

उलट बाजूचा अनुभवही आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे दिसले. शाळा तीच होती, मास्तर तेच होते. अंतर तेवढे कमी झाले. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एस.टी. गाड्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेपर्यंत नेतात. ज्यांनी त्या गाड्या सकाळी भरलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना अभ्यासाचा आकडाही लागणार नाही.

प्रवासखर्च म्हणजे फक्त पैसा नव्हे. दोन तास जाताना आणि दोन तास येताना ज्याचे जातात, तो मुलगा खेळणार केव्हा? कॉलेजचा जिमखाना संध्याकाळी उघडतो, त्या वेळी तो पुलावरच्या गर्दीत उभा असतो. म्हणून खेळाची सोय ही घराजवळ, वस्तीत हवी. आणि इथेच आपल्या खात्याचा, आपल्या हक्काच्या जागेचा संबंध येतो.

हेब्बाळच्या पुढे उत्तरेला येलहंका. १९८४ साली तिथे रेल्वेचा व्हील अँड ॲक्सल प्लांट राष्ट्राला अर्पण झाला, आज त्याला रेल व्हील फॅक्टरी म्हणतात. त्या परिसरात रेल्वेचे क्रीडासंकुल आहे. मे २०२१ मध्ये रेल्वे बोर्डाने देशातील १५ क्रीडांगणे व्यापारी विकासासाठी रेल्वे भूविकास प्राधिकरणाकडे सोपवण्याचे ठरवले, त्या यादीत येलहंक्याच्या या संकुलाचे नाव होते. मुंबईकरांनी हेही ध्यानात घ्यावे की परळचे मैदान आणि महालक्ष्मीचे स्टेडियम त्याच यादीत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय चलनीकरण योजना जाहीर झाली. तिच्यात ४०० स्थानके, ९० प्रवासी गाड्या आणि कोकण रेल्वेचा ७४१ किलोमीटर मार्ग यांच्या पंक्तीला ही १५ क्रीडांगणेही बसवण्यात आली. चलनीकरण हा शब्द मोठा साळसूद आहे. ज्या जागेवर पोरे खेळतात, त्या जागेचे भाडे खाण्याचा तो कार्यक्रम आहे.

सरकार म्हणते, मैदाने ओस पडली आहेत, त्यांचा विकास झाला पाहिजे. काही मैदाने ओस आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पण ती ओस का आहेत? फाटकाला कुलूप कोणी लावले? वसाहतीबाहेरच्या मुलांना आत येऊ नका असे कोण सांगते? रेल्वे इन्स्टिट्यूटची मैदाने संध्याकाळी शेजारच्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि वस्तीतल्या मुलांना खुली केली, तर ती उद्याच भरतील, आणि भरलेले मैदान यादीत घालणे कोणत्याही बोर्डाला जड जाईल. संघटनांनाही आम्ही स्पष्ट सांगतो, की मैदान वाचवा अशी घोषणा फाटकावर द्यायची आणि आतले मैदान बाहेरच्यांना बंद ठेवायचे, हे फार दिवस चालणार नाही.

हेब्बाळचीच एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १८९९ साली म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी हेब्बाळला ३० एकर जमीन दिली. त्या शेतातूनच पुढे कृषिशिक्षण उभे राहिले आणि १९६४ मध्ये विद्यापीठ झाले. राजेशाहीत सार्वजनिक कामासाठी जमीन दिली जात होती, लोकशाहीत ती काढून घेतली जात आहे.

रेल्वेच्या मैदानांनी आणि रेल्वेच्या नोकरीने काय घडवले, हे सांगायला फार मागे जायला नको. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे हा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला, २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीत होता. सरकारी प्रशिक्षण आणि सरकारी नोकरी या दोन आधारांवर खेड्यातला मुलगा तिथवर गेला. मॉलच्या गच्चीवरच्या तासाला भाडे देऊन खेळायच्या जाळीतून असा खेळाडू निघेल काय?

नव्या सोयी हव्यातच. महाराष्ट्रात २००१ च्या क्रीडा धोरणापासून तालुका क्रीडासंकुलांची योजना आहे. जिथे ती संकुले गावापासून लांब, डांबरी रस्ता संपल्यावर बांधली गेली, तिथे गवत वाढले. संकुलालाही बस लागते, हे बांधणाऱ्यांच्या लक्षात आले नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. रेल्वेत स्टाफ बेनिफिट फंड आहे. त्याच्या समितीवर मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी बसतात, आणि शिक्षण व खेळ ही दोन्ही कामे त्या फंडाच्या कक्षेत येतात. कर्मचाऱ्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना वार्षिक प्रवास साहाय्य हा विषय प्रत्येक विभागाच्या समितीपुढे पुढच्या बैठकीत आला पाहिजे. टपाल खात्यातही कल्याण निधी आहे, तिथेही हेच करता येईल. रेल्वे कामगाराच्या बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला निदान स्कूल पास तरी आहे; पोस्टमनच्या मुलाला तोही नाही. म्हणून ही मागणी दोन्ही खात्यांनी मिळून करावी. पी.एन.एम.मध्ये हेब्बाळसारख्या स्थानकांवर कॉलेजच्या वेळेला गाडी थांबवण्याचा विषय घ्यावा. गार्ड आणि ड्रायव्हर आपलेच आहेत, वेळापत्रकात कुठे जागा निघते हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

पण मूळ प्रश्न भत्त्याचा. बारावीनंतर भत्ता वाढवून द्या ही मागणी सातव्या वेतन आयोगापुढे गेली होती. बारावीनंतरचे अभ्यासक्रम फार निरनिराळे असतात, या कारणावरून आयोगाने ती नाकारली. अभ्यासक्रम निरनिराळे असतील. बी.ए. करणारा आणि आय.टी.आय. करणारा एकाच बसने जातात आणि दोघांना तिकीट तेवढेच पडते. बारावीनंतर निदान प्रवासापुरता एकरकमी भत्ता पदवी वा पदविका पूर्ण होईपर्यंत द्यायला या निरनिराळेपणाची काय अडचण आहे? न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या आयोगाची अधिसूचना नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाली आणि अहवालासाठी त्याला १८ महिन्यांची मुदत मिळाली. जे.सी.एम.च्या कर्मचारी पक्षाने आयोगापुढे हे कलम लावून धरावे. त्याला बळ म्हणून शाखांनी आपापल्या सभासदांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा महिन्याचा खरा प्रवासखर्च, अंतर आणि बसमध्ये जाणारे तास यांची यादी करून मध्यवर्ती कार्यालयाकडे पाठवावी. आणि त्याच कागदावर एक रकाना आणखी ठेवावा: जवळचे मैदान कोणते, आणि त्याचे फाटक संध्याकाळी उघडे असते की बंद.