आत्येची सही
देवरूखात जुनं घर घ्यायला निघालात की घासाघीस एजंटाशी सुरू होते आणि अडते सातबाऱ्यावर. जांभ्याच्या भिंती, पडवी, बारमाही विहीर दाखवत तो आकडा फुगवतो. दलाली टक्क्यांत, मग भाव उतरवण्यात त्याला कसला रस? (दोन्हीकडून घेणारा तर आणखीच गोड बोलतो.) कौलांच्या गळतीवर वाद घालू नका, सातबाऱ्यावरचे सहहिस्सेदार मोजा. एक मुंबईत, दुसरा बडोद्याला, आत्येची सही राहिलेली. हा खटाटोप कुणी निस्तरायचा, यावरच खरे पैसे सुटतात. रेडी रेकनरच्या सरकारी दराखाली सौदा पटवलात, तरी मुद्रांक शुल्क दोन्हींतल्या जास्तीच्या रकमेवरच. इसार देण्याआधी आत्येचा फोन नंबर मागा आणि एजंटाचा चेहरा बघा.