न झालेल्या गोलांचा हिशेब

स्पेनच्या 2003-04च्या लीगमध्ये रेआल माद्रिदने 72 गोल केले, व्हॅलेन्सियाने 71. म्हणजे गोल करण्यात रेआल कणभर सरसच. पण व्हॅलेन्सियावर गोल झाले 27 आणि रेआलवर 54, बरोबर दुप्पट. लीग व्हॅलेन्सियाने जिंकली आणि शेवटचे पाचही सामने हरलेला रेआल चौथ्या क्रमांकावर घसरला. झिदान, फिगो, रोनाल्डो, राउल आणि बेकहम एकाच संघात असताना हे घडलं. त्याचं खापर कुणी खेळाडूंच्या थकव्यावर फोडतं, कुणी प्रशिक्षक कार्लोस किरोझ यांच्यावर. मला दोन्ही मान्य नाही. हा पराभव 2003च्या उन्हाळ्यात, मैदानाबाहेर, संघबांधणीच्या टेबलावर ठरला होता.

त्या उन्हाळ्यात बेकहम आला आणि त्याच काही आठवड्यांत संघाचा कणा काढून घेतला गेला. 1989पासून क्लबमध्ये असलेला कर्णधार फर्नांडो हिएरो मोकळा झाला. व्हॅलेन्सियाचा बचावपटू अयाला याचा सौदा जमला नाही. गॅब्रिएल मिलितोला गुडघ्याचं कारण देऊन वैद्यकीय तपासणीत नाकारलं. तो सारागोसाकडे गेला, आणि मार्च 2004मध्ये त्याच सारागोसाने रेआलला कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात 3-2 असं हरवलं. शिवाय बचावफळीपुढे खेळणारा मिडफिल्डर क्लोद माकेलेले. सहकारी ताऱ्यांच्या मानाने त्याचा पगार फार कमी होता. त्याने वाढ मागितली, ती मिळाली नाही, आणि तो चेल्सीला विकला गेला.

अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांचं त्याच्याविषयीचं मत तेव्हा खूप गाजलं. त्याचं तंत्र सामान्य आहे, तो कुणाला चकवून पुढे जात नाही, त्याचे बहुतेक पास आडवे किंवा मागे जातात, तेही जेमतेम दोन-तीन मीटरचे. यातलं बरंचसं मी मान्य करतो. पण त्यावरून ‘त्याची उणीव भासणार नाही’ हा जो निष्कर्ष काढला गेला, तो मुळातच चुकीचा आहे. डावा बचावपटू रॉबेर्तो कार्लोस बेधडक पुढे धावायचा, झिदान मनाला येईल तिकडे सरकायचा, फिगोने मागे येऊन बचाव करावा अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. या सगळ्यांच्या पाठीमागे जी मोकळी जमीन उरायची, ती हा एकटा माणूस राखायचा. चेंडू हिसकावायचा आणि दोन मीटरवर उभ्या असलेल्या झिदानला द्यायचा, हेच तर त्याचं काम! ज्याच्या शेजारी झिदान आहे, त्याने चाळीस मीटरचा पास कशासाठी मारायचा? पुढे 2004-05मध्ये चेल्सीने 50 वर्षांनी लीग जिंकली. 38 सामन्यांत त्यांच्यावर फक्त 15 गोल झाले, आणि बचावफळीपुढे माकेलेले होता.

दुसरा युक्तिवाद पैशाचा. बचावपटूच्या नावाची जर्सी खपत नाही, ताऱ्यांमुळे क्लब श्रीमंत झाला, असं सांगतात. श्रीमंत झाला हे खरंच आहे. 2004-05च्या उत्पन्नाच्या यादीत रेआलने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला. पण मग पगारवाढ नाकारण्याचं कारण गरिबी नव्हतं, हेही त्यातूनच सिद्ध होतं.

राहिली घरची पोरं. तारे विकत घ्यायचे आणि बाकीच्या जागा पावोनसारख्या अकादमीतल्या मुलांनी भरायच्या, असं धोरण होतं. अकादमीवर माझा राग नाही. गोलरक्षक कासियास तिथूनच आला. पण कोवळ्या सेंटर बॅकला शेजारी ओरडून सांगणारा जाणता माणूस लागतो आणि पुढे आडोसा लागतो. इथे दोन्ही एकाच उन्हाळ्यात काढून घेतले. नोव्हेंबर 2003मध्ये सेव्हियात रेआल 4-1 हरला. रुबेन नावाच्या तरुण बचावपटूला पूर्वार्धातच बाहेर काढलं आणि तो बाकावर बसून रडला. चूक वरच्यांची होती आणि तिची किंमत त्या मुलाने मोजली. याचा मला आजही संताप येतो.

यापुढची चूक अधिक बोलकी आहे. 2004मध्ये व्यवस्थापनाला बचावातलं भगदाड दिसलं, पण त्यांनी ते चुकीच्या जागी बुजवलं. रोमाहून वॉल्टर सॅम्युएल आणला. न्यूकॅसलहून जोनाथन वुडगेट आणला, तो दुखापतीमुळे अख्खा मोसम खेळलाच नाही. आणि त्याच उन्हाळ्यात एस्तेबान काम्बियासो, बचावफळीपुढे उभा राहू शकणारा मिडफिल्डर, फुकटात इंटर मिलानला गेला. बचावाची गरज सेंटर बॅकची डोकी मोजून कळत नाही. आपले पुढचे खेळाडू किती जागा उघडी टाकतात आणि ती कोण झाकतो, हे आधी पाहावं लागतं. आघाडीला एक तारा वाढवला की मागचं काम वाढतं. म्हणून बचावाची खरेदी त्याच दिवशी, त्याच चर्चेत ठरायला हवी.

हे जुनं झालं, आता क्लब शहाणे झाले, असं कुणी म्हणेल. पण 2024च्या उन्हाळ्यात रेआलमध्ये एम्बापे आला. क्रूस निवृत्त झाला, अनुभवी बचावपटू नाचो गेला. आलाबा आधीपासूनच जायबंदी होता, तरी नवा सेंटर बॅक घेतला नाही. कार्वाहाल आणि मिलितांव यांचे गुडघे गेल्यावर मिडफिल्डर चुआमेनीला मागे खेळवावं लागलं. बार्सिलोनाने त्या मोसमात रेआलला चारही वेळा हरवलं आणि 16 गोल केले. अध्यक्ष तेच, पेरेझ. दुखापती दैवाधीन असतात. पण त्या होतील हे धरून चालणं व्यवस्थापनाच्या हाती असतं.

सॅम्युएल माद्रिदमध्ये एकच मोसम टिकला. विकत आणलेला माणूसच कमअस्सल होता, असं तेव्हा अनेकांनी ठरवून टाकलं. 22 मे 2010 रोजी माद्रिदच्याच बेर्नाबेऊवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. इंटरने बायर्नला 2-0 हरवलं. इंटरच्या बचावफळीच्या मध्यभागी सॅम्युएल होता, आणि त्याच्या चार पावलं पुढे काम्बियासो.