पडद्यावरचा वैतागलेला डॉक्टर

टीव्हीवरचा डॉक्टर म्हटला की डोळ्यांसमोर येते ती अतिदक्षता विभागातली धावपळ. छातीवर दाब दिला जातो, विजेचा झटका बसतो आणि रुग्ण डोळे उघडतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ‘ईआर’, ‘शिकागो होप’ यांसारख्या अमेरिकी कार्यक्रमांतले असे प्रसंग मोजले गेले. हृदय बंद पडलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण पडद्यावर त्या क्षणी तरी वाचले होते. प्रत्यक्षात इतके वाचत नाहीत.

‘डॉ. केन’ ही विनोदी मालिका अशा चमत्कारांच्या वाटेला गेली नाही. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २०१५ ते २०१७ या काळात तिची दोन पर्वे झाली. समीक्षकांनी तिचे फारसे कौतुक केले नाही. पण तिचा नायक ओळखीचा वाटतो. एका आरोग्यसेवा संस्थेत नोकरी करणारा, रुग्णांवर खेकसणारा आणि घरी मुलांच्या काळजीने अस्वस्थ होणारा हा डॉक्टर. ती भूमिका करणारे केन जाँग स्वतः एमडी आहेत. अभिनयात येण्यापूर्वी कॅलिफोर्नियात त्यांनी रुग्ण तपासले आहेत. दवाखाना आणि घर एकाच अर्ध्या तासात दाखवणे, हे या मालिकेचे खरे काम.

कारण या दोन जागा वेगळ्या राहतच नाहीत. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मधील २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात आढळले, की रुग्णासोबतच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणकावरील नोंदी आणि कागदपत्रांत जातात. शिवाय रात्री घरी गेल्यावरही एक-दोन तास तेच काम. कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेला, म्हणजे ‘बर्नआउट’ला, जागतिक आरोग्य संघटना आजार मानत नाही. २०१९ मध्ये तिने तिची नोंद कामाशी निगडित समस्या म्हणून केली. लक्षणे तीन : गळून जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा तिटकारा वाटणे आणि कामाचा दर्जा घसरणे. डॉ. केनच्या फटकळपणावर हसताना यातले दुसरे लक्षण आठवावे.

अर्थात, थकवा ही उद्धटपणाची सबब होऊ शकत नाही. पडद्यावर खेकसणारा डॉक्टर गंमत आणतो. दवाखान्यात मात्र ओरडा खाल्लेला रुग्ण पुढचे लक्षण सांगतच नाही. नेमके तेच महत्त्वाचे असू शकते. म्हणूनच डॉक्टरची झोप आणि सुट्टी हा केवळ त्याचा घरगुती प्रश्न नाही, तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाही आहे.

आपल्याकडे हा प्रश्न निवासी डॉक्टरांबाबत अधिक तीव्र आहे. त्यांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये केली. म्हणजे सुचवलेली कमाल मर्यादाच सहा दिवसांत रोज बारा तासांहून अधिक! तीही पाळली जाते की नाही, हे प्रत्येक रुग्णालयाने हजेरीच्या नोंदींतून दाखवायला हवे. मालिकेतल्या डॉक्टरचे भांडण भाग संपता संपता मिटते. खऱ्या डॉक्टरला त्यासाठी आधी वेळेवर घरी पोहोचावे लागते.