खराटा कुणाच्या हाती?

जपानी शाळेतली मुलं स्वतःचा वर्ग पुसतात, याची चित्रफीत आपल्याकडच्या पालकांच्या गटांत अधूनमधून फिरत असते. खाली टाळ्यांची रांग लागते. मग कुणीतरी उसासा टाकतं, 'आपल्याकडे हे संस्कारच राहिले नाहीत.' वास्तविक जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बहुधा शिपाई नसतो. परिपाठाआधी पोरंच वर्ग उघडतात, सतरंज्या झटकतात, पटांगण झाडतात. रीत कुठेही गेलेली नाही. तेव्हा उसासे टाकण्याआधी खराटा कुणाच्या हाती असतो, तेवढं पाहून यावं.

पुष्कळ ठिकाणी तो मुलींच्या हाती असतो. एकजण धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडते, दुसरी वाकून झाडते, तिसरी सुपलीत केर भरते. मुलगे टाकीवरून बादल्या आणतात आणि ते उरकलं की चेंडूमागे धावतात. फळ्यावर सुविचार लिहायचा मान सुबक अक्षराला मिळतो. श्रमाला प्रतिष्ठा द्यावी असं काहीतरी तिथे लिहिलेलं असतं. पण वर्गाचा त्या दिवशीचा पहिला धडा त्याआधीच होऊन गेलेला असतो : केर काढणं हे मुलींचं काम. शौचालय धुवायची वेळ आली की नावं आणखी कमी होतात, आणि ती कोणत्या वस्तीतली उरतात हे गावात कुणाला विचारावं लागत नाही.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी मैला साफ करायचं काम मागितलं. ते जन्मानं ब्राह्मण, म्हणून ते काम त्यांना नाकारण्यात आलं. त्यासाठी ते उपोषणाला बसले, आणि त्यांच्या पाठीशी म्हणून डिसेंबरात गांधींनीही येरवड्यात उपवास आरंभला. पुढे १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला. तो आपण कौतुकानं सांगतो. काम मागून घेण्यासाठी केलेलं ते उपोषण मात्र फारसं कुणी सांगत नाही.

दुपारी पोषण आहार झाल्यावर त्याच शाळेत नळापाशी जाऊन पाहा. तिथे प्रत्येकजण आपापली ताटली धुतो, मुलगेसुद्धा. कुरकुर नाही, कारण खरकटं ज्याचं त्याचं. केर सगळ्यांचा असतो, म्हणून तो कुणाच्याही माथी मारता येतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. मुलगे-मुली मिसळून आठवड्याच्या कामाचा तक्ता करावा, तो भिंतीवर टांगावा आणि त्यात गुरुजींचंही नाव घालावं. काही शाळांनी हे केलंही आहे. अडचण येते ती नंतर. एखादे वडील तणतणत येतात, 'पोराला शिकायला धाडतो, झाडायला नाही.' त्यांची मुलगी त्याच शाळेत वरच्या वर्गात असते, आणि तिच्याबद्दल ते इतकी वर्षं चकार शब्द बोललेले नसतात. मुख्याध्यापकांनी त्यांना खुर्ची द्यावी, चहा पाजावा आणि तक्त्यातलं एकही नाव बदलू नये.