सिकलसेल, जीन-दुरुस्ती आणि गरिबाचा वाटा

"का जी डॉक्टरसाहेब, आता गर्भातच जीन दुरुस्त करता येते म्हणे. ते फक्त श्रीमंतांनाच भेटेल का?" साकोलीकडच्या एका वडिलांनी मला विचारलं. त्यांची मुलगी एसएस, म्हणजे सिकलसेलची रुग्ण.

आधी एक गोंधळ दूर करू. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या 'कॅसजेव्ही' उपचारात रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताच्या मूळ पेशी बदलतात. किंमत २२ लाख डॉलर. हा बदल मुलांत उतरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा बदल गर्भपेशीत करावा लागतो. चीनमध्ये हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये तो जुळ्या मुलींवर केला आणि त्यांना तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडेही २०१९ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार याला मनाई आहे.

"उद्या मनाई उठली तर गरिबांनाही हे मोफत द्या, तोच न्याय," असं म्हणणारे भेटतात. मला हे साफ चुकीचं वाटतं.

आई-वडील दोघेही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. जीन बदलायचं तर टेस्ट-ट्यूब पद्धतीनेच गर्भ तयार करावा लागणार. मग त्याच गर्भांतून तपासणी करून निरोगी गर्भ निवडता येतो. कात्री लावायची गरजच काय? खरी अडचण आई-वडील दोघेही एसएस असतील तेव्हाच, आणि अशी जोडपी फार थोडी. कात्री चुकली तर ती चूक नातवंडांपर्यंत जाणार, आणि त्यांची संमती कुणी घेतलेली नसते. शिवाय एएस असणं हा आजार नव्हे. उलट त्या व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं.

विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि ओबीसी कुटुंबांत हा आजार पिढ्यांपासून आहे. त्यांचा वाटा आज कुठे अडतो ते मी ओपीडीत पाहतो. लग्न जुळवताना पत्रिका पाहतात, रक्ताचा रिपोर्ट पाहत नाहीत. तपासणीचं कार्ड मिळतं, पण 'एएस' म्हणजे काय हे कुणी समजावत नाही. गरोदर बाई पाचव्या महिन्यात येते. गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांत व्हायला हवी होती. हाडं फुटल्यासारखी दुखणाऱ्या पोराला "नाटकं करतो" म्हणून परत पाठवलं जातं.

या मुलीचंच घ्या. चार वर्षं तिच्यावर वाताचे उपचार चालले होते. हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यावर दुखण्याचे झटके कमी झाले, ती नियमित शाळेत जाऊ लागली. वडिलांनी तो प्रश्न विचारला, त्या महिन्यात सरकारी पुरवठ्यातल्या तिच्या गोळ्या आल्या नव्हत्या. त्यांनी त्या भंडाऱ्यातून विकत नेल्या, पंधरा दिवसांपुरत्याच.