विहार एक, कुलपे दोन

गेली वीस वर्षे आम्ही काळा कोट घालून न्यायालयात उभे राहतो. पण ज्या खटल्यांनी आमची झोप उडवली, ते मनुवाद्यांनी आपल्यावर घातलेले नव्हते. आपणच आपल्यावर घातलेले होते.

एका तालुक्याच्या गावी विहाराच्या दाराला आज दोन कुलपे आहेत. एक जुन्या कमिटीचे, एक नव्या कमिटीचे. धर्मादाय कार्यालयात दोघांचेही चेंज रिपोर्ट पडून आहेत. आत अभ्यासिका होती. तिथली पोरे आता एसटी स्टँडच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात आणि बुद्ध पौर्णिमेची वंदना रस्त्यावर होते. दोन्ही बाजू आम्हास विचारतात, "वकीलसाहेब, बाजू आमचीच खरी ना?" काय सांगावे?

काळ कठीण आहे, मान्य. सरकारी नोकऱ्या आटल्या, खाजगीकरणाने आरक्षणाची जागा खाल्ली, अत्याचार थांबलेले नाहीत. मोबाईलवर एक मजकूर येतो आणि तासाभरात माणसे रस्त्यावर उतरतात. अशा वादळात संघटना कशी चालवावी? त्याचे उत्तर महाडला आहे.

२० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या लोकांवर हल्ला झाला. डोकी फुटली. आपली माणसे उलट चालून जायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि कायद्याचा रस्ता धरला. पुढे हल्लेखोरांना शिक्षा झाल्या. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक महाडला जमले. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. पण तळे खाजगी आहे असा दावा लावून विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. लोक तुरुंगात जायला सिद्ध होते. परिषदेत बाजूने भाषणे झाली, विरुद्ध झाली. अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव स्वतः बाबासाहेबांनी मांडला, त्याची कारणे सांगितली आणि लोकांनी तो मानला. मग मिरवणूक निघाली.

ती माघार होती काय? मुळीच नाही. तो दावा बाबासाहेब दहा वर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकले.

यात तीन गोष्टी आहेत. नेत्याने लोकांच्या संतापावर स्वार होऊ नये. निर्णय बंद खोलीत नव्हे, लोकांपुढे कारणांसह घ्यावा. आणि तहकूब केलेली लढाई सोडून देऊ नये.

आपण काय करतो? सर्वसाधारण सभा वर्षानुवर्षे होत नाही. हिशेब मागणारा फितूर ठरतो. अध्यक्ष हयातभर अध्यक्ष राहतो आणि कंटाळलेला कार्यकर्ता नवे लेटरहेड छापतो. १९९८ साली रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि आपले चार खासदार सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. ते ऐक्य का टिकले नाही, याचे उत्तर प्रत्येक गटाकडे आहे आणि प्रत्येकाच्या उत्तरात दोष दुसऱ्याचा आहे.

तथागतांनी आपल्या मागे कुणी वारस नेमला नाही, धम्म आणि विनयच मार्गदर्शक ठेवले. वज्जींविषयी ते म्हणाले होते की, जोवर ते वारंवार एकत्र जमतील, एकदिलाने बसतील, एकदिलाने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही. पुढे आपसातल्या फुटीनेच वज्जी बुडाले. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. आपण तो भिंतीवर लावतो आणि त्याच भिंतीखाली नेत्याचे कटआऊट उभे करतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दरवर्षी सभा घ्या. जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लावा. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्या. पदाला मुदत घाला. महिलांना आणि तरुणांना सतरंज्या उचलायला नव्हे, निर्णयाला बसवा. मतभेद झाले तर सभेत भांडा, ठराव झाला की तो पाळा.

आमची वकिली थोडी कमी चालेल. चालू द्या. त्या गावची पोरे पुन्हा अभ्यासिकेत बसली, तर तीच आमची फी.